विंझरच्या घरातला सर्व्हर

आमच्या भागात कागदाला फार किंमत आहे. वेल्हे तालुका, ज्याला आता राजगड तालुका म्हणतात, तो डोंगर आणि धरणं यांच्यामध्ये वसलेला. ज्यांची जमीन पानशेत किंवा गुंजवणी प्रकल्पात गेली, त्यांच्या नातवंडांनाही मोबदल्याची नोटीस, पुनर्वसनाचं पत्र, प्रकल्पग्रस्ताचा दाखला लागतो. ज्यांची जमीन शाबूत राहिली, त्यांना फेरफार, वाटणीपत्र, खरेदीखत, वारसनोंद यांसाठी कधी ना कधी तलाठ्याच्या दारात उभं राहावंच लागतं. म्हणून विंझरमध्ये घरोघरी एक पत्र्याची पेटी असते आणि तिची किल्ली घरातल्या कर्त्या माणसाकडे असते.

गेल्या पंधरा वर्षांत या पेटीशेजारी दुसरं एक दप्तर तयार झालं, ते मोबाइलमध्ये. लग्नाचे फोटो, गावच्या यात्रेची चित्रफीत, अवकाळीत आडव्या पडलेल्या भाताचे फोटो, स्कॅन करून ठेवलेले उतारे, गेलेल्या माणसाचा आवाज. हे दप्तर कुणी मुद्दाम सांभाळत नाही. लावणीच्या दिवसांत फोन चिखलात पडतो, नवा घेतला जातो आणि जुन्या फोनबरोबर घराची आठ-दहा वर्षं निघून जातात. गूगलच्या खात्यात फुकट जागा मिळते ती १५ जीबी. ती भरली की दरमहा भाडं सुरू होतं, आणि भाडं भरलं तरी श्रावणात डोंगरावर ढग बसल्यावर रेंज जाते ती जातेच. हे दुसरं दप्तर घरीच नीट ठेवावं म्हणून मी एक जुना सर्व्हर विंझरला आणला. तो कसा निवडला, कसा उभा केला आणि पावसाळ्यात कसा टिकवला, ते सांगतो. असा विचार अनेक घरांत चालू आहे आणि त्यांना नेमकी माहिती मिळत नाही, हे मी पाहिलं आहे.

माझी नोकरीची वर्षं पुण्यात सर्व्हर सांभाळण्यात गेली. या कामातल्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते. कंपनीतला सर्व्हर बिघडला म्हणून बाहेर पडत नाही, त्याचा हमीचा करार संपला म्हणून बाहेर पडतो. काही वर्षं झाली की लेखा विभागाच्या हिशेबात त्याची किंमत नगण्य होते आणि तो इतर मालाबरोबर लॉटमध्ये विकला जातो. डिस्क बहुतेक वेळा आधीच काढून नष्ट केलेल्या असतात. उरतो तो सांगाडा, मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, पंखे आणि वीजपुरवठ्याचा डबा. हा सगळा माल वर्षानुवर्षं अहोरात्र चालण्यासाठी बनवलेला असतो. लॉट घेणारे व्यापारी तो सुटा करून विकतात. काही माल पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानदारांच्या ओळखीनं मिळतो, काही सुटे भाग बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही दिसतात. मी माझा सर्व्हर अशाच एका व्यापाऱ्याकडून, जागेवर चालू करून पाहून घेतला. डिस्कशिवाय त्याची किंमत चांगल्या मोबाइलच्या निम्म्याहून कमी होती.

घेताना पहिला निर्णय आकाराचा असतो. बाजारात सर्वात स्वस्त मिळतात ते रॅकमध्ये सरकवायचे चपटे सर्व्हर. त्यांच्यात बोटभर जाडीचे छोटे पंखे प्रचंड वेगानं फिरतात. सर्व्हर रूममध्ये तो आवाज चालतो. घरात, जिथं रात्री रातकिड्यांखेरीज आवाज नसतो, तिथं तो सहन होत नाही. म्हणून मी उभा, टॉवर घडणीचा सर्व्हर शोधला. डेलचा पॉवरएज टी ३२० मिळाला. हे २०१२ सालचं मॉडेल. एक झिऑन प्रोसेसर, मेमरीसाठी सहा खाचा आणि पुढच्या बाजूला साडेतीन इंची डिस्कचे आठ खण. पंखे मोठे आहेत, त्यामुळे ते सावकाश फिरतात. घेताना मी डिस्क बसवायचे ट्रे मोजून घेतले. डिस्क काढताना लोक ट्रेही फेकतात आणि नंतर एकेका ट्रेसाठी पुण्याच्या चकरा होतात.

दुसरी गोष्ट मेमरीची, आणि माझ्या मते जुना सर्व्हर घेण्याचं सर्वात मोठं कारण हेच आहे. साध्या संगणकाची मेमरी चुकली तर ती चूक कुणाला कळत नाही. एखादा बिट शून्याचा एक होतो, फाइल तशीच डिस्कवर लिहिली जाते आणि दोन वर्षांनी फोटो उघडताना खालचा अर्धा भाग करडा दिसतो. सर्व्हरच्या मेमरीत प्रत्येक ६४ बिटांमागे तपासणीचे ८ बिट जादा असतात. एक बिट चुकला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर यंत्र तसं सांगतं. या पद्धतीचं मूळ बेल लॅब्जमधल्या रिचर्ड हॅमिंग यांच्या १९५० च्या संशोधनलेखात आहे. शनिवार-रविवारी यंत्रावर लावलेलं काम एका चुकीपायी वाया गेलेलं त्यांना सोमवारी दिसायचं. यंत्राला चूक सापडते, तर ती कुठे आहे हेही त्याला का सापडू नये, या प्रश्नावरून ते कामाला लागले. मेमरीच्या चुका क्वचित होतात असं पूर्वी मानलं जायचं. गूगलच्या सर्व्हरवरचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरीपट्ट्यांवर चुका नोंदल्या जातात असं त्यात दिसलं. सर्व्हरमधली ही मेमरी बहुतेक वेळा रजिस्टर्ड प्रकारची असते आणि ती घरच्या संगणकात चालत नाही, म्हणून जुन्या बाजारात तिला गिऱ्हाईक कमी आणि भाव पडलेला. जी वस्तू नवी घ्यायला महाग पडते, ती जुनी असताना सहज मिळते. पट्ट्या बसवल्यावर मी मेमटेस्ट रात्रभर चालवला आणि मगच पुढचं काम हाती घेतलं.

तिसरी गोष्ट डिस्कच्या कार्डाची. सर्व्हरमध्ये रेडचं कार्ड असतं. अनेक डिस्क एकत्र बांधून एक डिस्क गेली तरी माहिती राहावी, ही रेडची कल्पना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी १९८८ मध्ये मांडली. जुन्या पद्धतीत हे बांधकाम कार्डाच्या आत होतं. याचा अर्थ असा की कार्ड जळालं तर तसंच किंवा त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड मिळेपर्यंत डिस्कवरचं काही वाचता येत नाही. पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर बसलेल्या माणसाला हे परवडत नाही. माझ्या यंत्रात पर्क एच ३१० हे कार्ड होतं. त्यावर एलएसआयच्या चिपचं साधं फर्मवेअर चढवता येतं. त्यानंतर कार्ड स्वतःचं डोकं चालवत नाही, डिस्क जशाच्या तशा ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती देतं. पुढचं सगळं बांधकाम झेडएफएस ही फाइल व्यवस्था करते.

झेडएफएसची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरेन्स यांनी केली. २००५ मध्ये तिचा स्रोत खुला झाला आणि २०१३ पासून ओपनझेडएफएस या नावानं जगभरचे लोक मिळून ती सांभाळतात. तिचं काम तीन गोष्टींत सांगता येईल. ती लिहिलेल्या प्रत्येक तुकड्याची तपासणी-बेरीज वेगळी ठेवते आणि वाचताना पडताळते. जुळलं नाही तर दुसऱ्या डिस्कवरची चांगली प्रत घेऊन खराब तुकडा दुरुस्त करते. आणि ठरावीक वेळेला सगळ्या साठ्याचं चित्र गोठवून ठेवते, त्यामुळे घरातल्या मुलानं चुकून एखादा फोल्डर पुसला तरी कालचा फोल्डर परत काढता येतो. माझ्यासाठी याहून मोलाची चौथी गोष्ट आहे. उद्या हा टी ३२० कायमचा बंद पडला, तर या डिस्क काढून झेडएफएस चालवणाऱ्या कोणत्याही दुसऱ्या संगणकाला लावता येतात आणि साठा जसाच्या तसा उघडतो. माहिती यंत्राला बांधलेली राहत नाही. हे सगळं मी ट्रूनॅस या सॉफ्टवेअरवर चालवतो. ते मोफत मिळतं, ब्राउझरमधून हाताळता येतं आणि निदान ८ जीबी मेमरी मागतं. जुन्या सर्व्हरमध्ये मेमरीची चणचण नसतेच.

डिस्कच्या बाबतीत मात्र मी जुन्याचा आग्रह धरला नाही. यंत्र जुनं आणि माहितीच्या डिस्क नव्या, हा माझा नियम आहे. डिस्क फिरते, झिजते आणि तिचं आयुष्य कुणी कसं खर्च केलं ते पूर्ण कळत नाही. दोन-दोनच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या दोन्ही डिस्कवर तीच माहिती. जागा निम्मी वापरात येते, पण एक डिस्क बदलताना फक्त तिची जोडीदार डिस्क वाचावी लागते, त्यामुळे काम लवकर संपतं. एका जोडीतल्या दोन डिस्क मी वेगवेगळ्या दुकानांतून घेतल्या, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोघींत येऊ नये. एसएमआर पद्धतीच्या डिस्क टाळल्या, कारण जोडी पुन्हा भरताना त्या फार रेंगाळतात. काही जुन्या एसएएस डिस्कही मला वेगळ्या मिळाल्या होत्या. मोठ्या साठवण यंत्रातून उतरलेल्या अशा डिस्कचे सेक्टर कधी कधी ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात आणि ते पुन्हा आखून घेतल्याशिवाय त्या चालत नाहीत. त्या डिस्क मी फक्त प्रयोगासाठी ठेवल्या. त्यांच्यावर आधीच्या मालकाची माहिती असू शकते, म्हणून उघडून न बघता आधी पूर्ण पुसल्या. जुना माल घेणाऱ्या प्रत्येकानं हे पाळलंच पाहिजे. दुसऱ्याचं दप्तर चुकून हाती आलं तर ते वाचायचं नसतं.

आता विजेचा प्रश्न. इथं प्रामाणिक हिशेब मांडायला हवा. माझा सर्व्हर डिस्कसकट साधारण १०० वॅट ओढतो. म्हणजे दिवसाला २.४ युनिट आणि महिन्याला ७२. बाजारात मिळणारी दोन डिस्कची छोटी तयार पेटी २० वॅटच्या आसपास भागवते, म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिट. फरक वर्षाला सुमारे ७०० युनिटचा पडतो. ज्या घराचं बिल महिन्याला १०० युनिटच्या आत असतं, ते घर या एका यंत्रानं वरच्या दरात जातं. जुन्या सर्व्हरची स्वस्ताई सांगणारे लोक हा आकडा सांगत नाहीत, आणि तो सांगितला पाहिजे. मी वीज वाचवण्यासाठी दोन वीजपुरवठ्यांपैकी एक काढून कपाटात ठेवला आणि गरजेपुरत्याच मेमरीपट्ट्या बसवल्या. तरीही ७२ युनिट हा खर्च मी समजून-उमजून करतो, कारण या यंत्रावर फक्त माझ्या घराचा साठा नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

विंझरच्या विजेबद्दल बोलायचं तर वळवाच्या पहिल्या वाऱ्यापासून दसऱ्यापर्यंत ती बेभरवशाची. फांदी तारेवर पडते, झंपर तुटतो, डीपीवर फेज जातो आणि वायरमन भर पावसात खांबावर चढतो. त्या माणसांचं काम जोखमीचं आहे आणि त्यांच्यामुळेच आमचं चालतं. सर्व्हरच्या वीजपुरवठ्याचा एक गुण इथं कामाला आला. तो १०० ते २४० व्होल्टपर्यंत कोणत्याही दाबावर चालतो. संध्याकाळी दाब इतका उतरतो की विहिरीवरची मोटर पाणी ओढत नाही, तेव्हाही सर्व्हर विनातक्रार चालू असतो. अडचण वीज अचानक जाण्याची असते. त्यासाठी मी साइन वेव्ह देणारा यूपीएस घेतला. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर या वीजपुरवठ्यांना मानवत नाही. यूपीएसची बॅटरी उतरू लागली की तो यूएसबीच्या वायरीतून सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हर लिहिणं पूर्ण करून स्वतःला बंद करतो. वीज आल्यावर तो आपोआप चालू होईल अशी बायॉसमध्ये सोय केली आहे.

यूपीएसच्याही आधी मी अर्थिंग करून घेतलं. घराच्या मागे खड्डा खणून, प्लेट पुरून, कोळसा आणि मिठाचे थर देऊन. उन्हाळ्यात जमीन सुकली की त्यात पाणी ओततो. आमच्याकडे मे महिन्यात आणि परतीच्या पावसात विजा फार पडतात, आणि यंत्र जळतं ते बहुतेक वेळा विजेच्या तारेतून किंवा तांब्याच्या नेटवर्क वायरीतून आलेल्या झटक्यानं. दोन इमारतींमध्ये जाणारी वायर म्हणूनच फायबरची टाकली. काचेतून तो झटका येत नाही.

यंत्र कुठं ठेवायचं यावर घरात बरीच चर्चा झाली. माळ्यावर जागा होती, पण पत्र्याखाली एप्रिलमध्ये तिथं उभं राहवत नाही. स्वयंपाकघराला लागून ठेवलं तर चुलीचा धूर, ओटीवर ठेवलं तर मळणीचा भुसा. शेवटी तळमजल्यावरच्या मधल्या खोलीत, जमिनीपासून दोन फूट उंच फडताळावर ते ठेवलं. मागच्या जाळीला बारीक नायलॉनची जाळी लावली, कारण उबेला पाली आणि मुंग्या येतात. दमट हवेचा अनुभव सांगण्यासारखा आहे. पावसाळ्यात सतत चालू असलेलं यंत्र आतून कोरडं राहतं. धोका आहे तो चार-सहा दिवस बंद राहून पुन्हा चालू करताना. अशा वेळी मी झाकण उघडून आधी काही तास टेबल पंख्याची हवा देतो.

या यंत्राची खरी परीक्षा एका जुलैत झाली. मी पुण्यात होतो. साठ्याची दर महिन्याला आपोआप तपासणी होते. त्या तपासणीत एका डिस्कवर वाचता न येणारे सेक्टर वाढत असल्याचा संदेश मला आला. माहिती शाबूत होती, कारण जोडीदार डिस्क ठणठणीत होती, पण आता एकाच प्रतीवर भिस्त होती. विंझरच्या वाटेवर पावसानं झाडं आडवी झाली होती. घरी अकरावीतली पुतणी होती. प्रत्येक ट्रेच्या तोंडावर मी डिस्कच्या क्रमांकाची शेवटची चार अक्षरं लिहून चिकटवली होती आणि एक जादा डिस्क ट्रेमध्ये बसवून फडताळातच ठेवली होती. मी तिला फोनवर ती चार अक्षरं सांगितली.

“काका, सापडली. खालून दुसरा खण. ओढू का?”

“थांब. आधी चारही अक्षरं मोठ्यानं वाच.”

तिनं वाचली. मी पडद्यावर पडताळली, ती डिस्क साठ्यातून बाजूला काढली आणि मग तिला बटण दाबून दांडी ओढायला सांगितलं. यंत्र चालूच होतं. तिनं जुना ट्रे बाहेर काढला, नवा आत सरकवला, दांडी बंद केली. पाना लागला नाही, पेचकस लागला नाही, वीज बंद करावी लागली नाही. मी पुण्यातून नवी डिस्क जोडीत घेतली आणि रात्रीतून ती भरून झाली. सकाळी पुतणीनं स्वतःहून विचारलं की पुढच्या वेळी पडद्यावरचं कामही मी करू का. आता ते काम तिच्याकडेच आहे.

मोठ्या कंपन्यांसाठी बनवलेल्या यंत्राचा गुण मला त्या दिवशी नेमका कळला. त्याची घडणच अशी आहे की बिघडेल ते समोर दिसावं आणि कुणाच्याही हातानं बदलता यावं. सर्व्हर रूममध्ये ही सोय वेळ वाचवण्यासाठी असते. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावात तिच्यामुळे दप्तर वाचतं.

तरीही एवढ्यावर थांबलं तर काम अर्धं राहतं. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे वाक्य सर्व्हरची कामं करणारे पहिल्या वर्षी शिकतात. घराला आग लागली, छप्पर कोसळलं, यंत्र चोरीला गेलं तर जोडीतल्या दोन्ही डिस्क एकदमच जातात. आमच्या तालुक्याला हे वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला शेजारच्याच खोऱ्यातलं पानशेतचं धरण फुटलं, त्यामागोमाग खडकवासल्याचं फुटलं आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घरं गेली, त्यांबरोबर पिढ्यांची कागदपत्रं, पुस्तकं, फोटो गेले. ज्या कागदाची प्रत दुसरीकडे होती तेवढाच राहिला. शेतकरी खायचं धान्य आणि बियाणं एकाच कणगीत ठेवत नाही, तशीच मी माझ्या साठ्याची एक प्रत पुण्यात भावाच्या घरी ठेवली आहे आणि मोलाच्या कागदांची तिसरी प्रत एका सुट्या डिस्कवर, वायर काढून, पेटीत ठेवली आहे.

पुण्याची पहिली प्रत मी नेटवरून पाठवली नाही. ४ टीबी माहिती सेकंदाला २० मेगाबिट वेगानं पाठवायची तर अखंड साडेअठरा दिवस लागतात. स्वारगेटच्या एसटीनं डिस्क पिशवीत घालून नेली तर दोन-अडीच तास. त्यानंतर रोज फक्त बदललेलं तेवढं वायरगार्ड या व्हीपीएनच्या बंद वाटेनं जातं. बाहेरच्या जगासाठी सर्व्हरचं एकही दार उघडं ठेवलेलं नाही. जुन्या डेल सर्व्हरला दुरून चालू-बंद करण्याची आयड्रॅक नावाची सोय असते आणि तिचा मूळ पासवर्ड सगळ्या जगाला ठाऊक आहे. तो पहिल्याच दिवशी बदलला पाहिजे आणि ती सोय घरातल्या नेटवर्कपुरतीच ठेवली पाहिजे.

प्रती आणि जतन यांचा विचार करताना मला एक काम नेहमी आठवतं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीसारख्या डोंगरी भागांपासून सुरुवात करून, गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या अनेक ओव्या मूळ आवाजात ध्वनिमुद्रित केल्या. हा साठा आज ‘परी’ या संस्थेच्या संग्रहात कुणालाही ऐकता येतो. ज्या बायांनी त्या गायल्या, त्यांच्यातल्या कित्येक आता नाहीत. घरोघरची जाती बंद झाली. आवाज राहिला, कारण कुणीतरी तो वेळेवर टिपला, एका माध्यमातून दुसऱ्यात नेला आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी ठेवला. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी खेडोपाडी फिरून जुनी दप्तरं मिळवली, १८९८ पासून ती छापायला सुरुवात केली आणि १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्यामागेही हीच तळमळ होती. मोठ्या माणसांनी राज्याच्या इतिहासासाठी केलं ते आपण आपल्या घरासाठी आणि गावासाठी करू शकतो. त्याला लागणारं यंत्र आज भंगाराच्या भावात मिळतं.

म्हणूनच विंझरचा सर्व्हर मी एका घरापुरता ठेवला नाही. भावकीतल्या काही घरांची कागदपत्रं त्यावर आहेत, प्रत्येकाचा कप्पा वेगळा आणि पासवर्ड वेगळा. यात एक जबाबदारी आहे. दुसऱ्याचं वाटणीपत्र आपल्या डिस्कवर असणं ही गंभीर गोष्ट आहे, म्हणून ते कप्पे कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट केलेले आहेत आणि किल्ली ज्याची त्याच्याकडे. स्कॅन करून ठेवल्यानं मूळ कागदाची गरज संपत नाही, हेही मी प्रत्येकाला सांगतो. मुलांसाठी किविक्सच्या साहाय्यानं मराठी विकिपीडियाची अख्खी प्रत त्यावर ठेवली आहे. रेंज गेली तरी घरातल्या वायफायवर ती उघडते. पुतणी आणि तिच्या मैत्रिणी पावसाळ्यात तिचा उपयोग करतात.

या कामाला कचऱ्याचीही एक बाजू आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्यांत उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी आहे. ते चांगलंच आहे. पण पुनर्चक्रीकरणात बोर्ड फोडून त्यातला धातू काढला जातो आणि तो बोर्ड घडवण्यासाठी खर्च झालेली सगळी मेहनत, पाणी आणि वीज संपते. चालतं यंत्र आणखी पाच-सात वर्षं चालवणं हा त्याआधीचा टप्पा आहे. त्यानंतर माझंही यंत्र भंगारवाल्याच्या पोत्यात न जाता अधिकृत केंद्रावर जाईल.

जुना सर्व्हर कुणी घ्यावा, याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ज्याला महिन्यातून एकदा तपासणीचा निकाल वाचायचा कंटाळा आहे, त्यानं तो घेऊ नये. त्यानं दोन बाहेरच्या डिस्क घ्याव्यात, दोन्हींवर सारखी माहिती भरावी आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी. तेवढ्यानं सामान्य घराचं काम भागतं. पण ज्या घरात शिकायची हौस असलेलं एखादं मूल आहे, चार-सहा घरांचा मिळून साठा करायची तयारी आहे आणि वर्षाच्या साडेआठशेहून अधिक युनिटचा भार वाटून घेता येतो, त्यांनी जुन्या टॉवर सर्व्हरचा जरूर विचार करावा. घेताना मेमरी चूक पकडणारी आहे ना, ट्रे पूर्ण आहेत ना, कार्ड साध्या पद्धतीनं चालवता येतं ना आणि त्या कंपनीचं फर्मवेअर करार नसतानाही मिळतं ना, एवढं पाहून घ्यावं. आणि सर्व्हर येईपर्यंत थांबू नये. आजच संध्याकाळी घरातली पेटी उघडा, सर्वांत महत्त्वाच्या दहा कागदांचे स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि त्यांची एक प्रत घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे पाठवा.